आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बोलकं इंग्रजी: एका जॉबभोवती सहा आठवडे

निदेशक म्हणतात, “स्विच बंद कर,” आणि मुलगा दिवा मालवतो. हेच वाक्य त्यानं मनातल्या मनात इंग्रजीत नेलं की “क्लोज द स्विच” होतं. विजेच्या कामातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. स्विच क्लोज झाला म्हणजे सर्किट पूर्ण झालं, वीज वाहू लागली. बंद करायचं तर “स्विच इट ऑफ” म्हणावं लागतं. तसंच “वायर कमी पडली” याचं “द वायर इज शॉर्ट” केलं, तर ऐकणारा शॉर्ट सर्किट शोधायला लागतो. म्हणायचं असतं एवढंच की “वी नीड मोअर वायर”. हा फरक फळ्यावर लिहून दिला तर वहीत राहतो. वायर हातात असताना समोरच्यानं भलतंच काही केलं की तो डोक्यात बसतो.

पुणे परिसरातल्या आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्स (रोजगार कौशल्यं) हा विषय शिकवायला नव्यानं लागलेल्यांसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शिल्प निदेशकांसाठी, म्हणजे वर्कशॉपमध्ये प्रात्यक्षिकं घेणाऱ्यांसाठी, हा लेख आहे. जुन्नर, खेड, मुळशीपासून बीड-लातूरपर्यंतची मुलं इथं येतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं असतं. पुढं चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत किंवा बाणेर-वाकडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांची गाठ मराठी न समजणाऱ्या माणसांशी पडते. या मुलांना इंग्रजी शब्द कमी येतात असं नाही. फेज, न्यूट्रल, टॉर्क, बेअरिंग, रिजेक्शन हे शब्द ती दिवसभर वापरतात. अडतं ते शब्द जोडून दुसऱ्याकडून काम करून घेताना.

काम करत शिकणं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांचा ‘प्रोजेक्ट मेथड’ हा निबंध १९१८ सालचा. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातानं काम करत शिकण्याच्या शिक्षणाची, मांडणी झाली. आणि पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं गावाच्या उपयोगाची खरी कामं करत विज्ञान आणि तंत्र शिकतात. जमलं तर एकदा पाबळला जाऊन या. काम खरं असलं आणि ते कुणालातरी हवं असलं, की शिकवण्याचा निम्मा भार ते कामच उचलतं, हे तिथं समोर दिसतं.

आधी एक सापळा ओळखा

प्रोजेक्ट घेतला की नवखे शिक्षक बहुतेक वेळा असं करतात: पाच आठवडे मुलं मराठीत वस्तू बनवतात आणि सहाव्या आठवड्यात इंग्रजीत सादरीकरण होतं. त्यात गटातला एकच मुलगा बोलतो, तेही पाठ केलेलं भाषण. बाकीचे चार्ट धरून उभे राहतात. बघायला छान वाटतं, पण बोलणं कुणाचंच सुधारत नाही, कारण सहा आठवड्यांत कुणालाही इंग्रजीची गरज पडलेली नसते.

म्हणून इंग्रजी शेवटी ठेवू नका, कामाच्या मधे ठेवा. ज्या क्षणी वस्तू, माप किंवा निरोप एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो क्षण पकडा. आम्ही अशा चार जागा ठरवतो: स्टोअरची खिडकी, मापाची हाक, बिघाडाचा निरोप आणि वस्तूचा ताबा. या चार जागी इंग्रजीच. बाकी सगळीकडे मराठी खुशाल चालू द्या. बेत आखणं, भांडणं मिटवणं, डोकं खाजवणं हे आपल्याच भाषेत नीट होतं. मराठी बोलल्याबद्दल दंड लावणाऱ्या वर्गात मुलं इंग्रजी बोलायला लागत नाहीत, गप्प बसतात.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा आणि फळ्यावर कायम ठेवा: धोका दिसला तर मराठीतच ओरडायचं. त्या वेळी भाषेचा विचार करायचा नाही.

जॉब कोणता निवडायचा

नवीन काम शोधत बसू नका. वेळापत्रकात त्याला जागा मिळणार नाही आणि शिल्प निदेशकही सोबत येणार नाहीत. प्रात्यक्षिकात जो जॉब, म्हणजे मुलांनी हातानं पुरं करायचं काम, तसाही करायचाच आहे, तोच घ्या. त्याला तीन कसोट्या लावा. दोन-अडीच तासांच्या चार प्रात्यक्षिकांत तो पुरा होतो का? त्यात मोजावं लागतं का? आणि तो नेणारं, वापरणारं कुणी आहे का? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. वापरणारा नसेल तर शेवटची जागा, म्हणजे ताबा, नुसतं नाटक होतं.

इलेक्ट्रिशियनसाठी एक्स्टेन्शन बोर्ड उत्तम. मोटर मेकॅनिकला संस्थेतल्या कर्मचाऱ्यांच्या दुचाकींची तपासणी: टायरची हवा, चेनचा ढिलेपणा, ब्रेक, इंडिकेटर. गाडीचा मालक समोर उभा असतो, त्यामुळे बोलणं आपोआप खरं होतं. फिटरला हत्यारांचं स्टँड, शिवणाच्या ट्रेडला वर्कशॉपचा एप्रन, कोपाला (संगणक चालवण्याचा ट्रेड) संगणक लॅबमधल्या सामानाची नोंद. पुढचं सगळं बोर्डाच्या उदाहरणानं सांगतो. बाकीच्यांनी आपापला जॉब त्या जागी ठेवून पाहावा.

वीस मुलांची तुकडी, चौघांचे पाच गट. एका बोर्डाला लागणारं सामान असं: ६ अँपिअरचे ३ सॉकेट, ३ स्विच, १ इंडिकेटर, १ फ्यूज, १ पीव्हीसी बोर्ड, ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग टॉप, १ चौरस मिमीची तीन कोअरची लवचिक केबल ३ मीटर, आतल्या जोडणीसाठी तीन रंगांची वायर प्रत्येकी अर्धा मीटर, केबल धरून ठेवणारी क्लिप आणि दोन वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू. स्क्रू मुद्दाम दोन लांबीचे आणायचे. का, ते पुढं येईल.

गटात चार कामं असतात: सामान आणणारा, मापणारा, लिहिणारा, तपासणारा. दर आठवड्याला ती फिरवा आणि कुणाचं काम कुणाकडे गेलं हे हजेरीच्या कागदावरच लिहा. तोंडी ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत सामान आणायला पुन्हा तोच बोलका मुलगा जायला लागतो.

पहिला आठवडा: आवाज नोंदवा आणि कार्डं बनवा

पहिल्या तासाला प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. प्रश्न सगळ्यांना एकच: समोर ठेवलेला बिघडलेला बोर्ड दाखवून “व्हॉट इज द प्रॉब्लेम हिअर?” दुरुस्त करू नका, सूचना देऊ नका. नावानं फाईल ठेवा. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात हाच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे. रेकॉर्डिंग त्या मुलाशिवाय कुणाला ऐकवणार नाही, हा शब्द द्या आणि पाळा.

मग वाक्यांची कार्डं. एका प्रोजेक्टला बारा वाक्यं पुरतात, वीस दिली तर एकही येत नाही. “आय नीड थ्री मीटर्स ऑफ केबल.” “डू यू हॅव अ लाँगर वन?” “कॅन यू से दॅट अगेन?” “द थर्ड सॉकेट इज नॉट वर्किंग.” अशी. यातलं “कॅन यू से दॅट अगेन?” आधी पक्कं करा. ज्याला पुन्हा विचारता येतं, तो अडकत नाही.

कार्डावर वाक्य रोमन लिपीत लिहा आणि खाली मराठी अर्थ. उच्चार देवनागरीत लिहून देऊ नका. देवनागरी वाचताना आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देतो. इंग्रजीत एका शब्दात एकाच अक्षरावर जोर असतो आणि बाकीची दबतात. ‘इक्विपमेंट’मध्ये जोर ‘क्वि’वर, ‘मटेरियल’मध्ये ‘टे’वर. जोर चुकला की ओळखीचा शब्दसुद्धा परक्या माणसाला कळत नाही. कार्डावर जोराच्या अक्षराखाली रेघ मारा आणि ते म्हणताना मुलांना टेबलावर एक टिचकी मारायला सांगा.

दुसरा आठवडा: स्टोअरची खिडकी

वर्कशॉपच्या दाराशी एक टेबल आडवं लावा. पलीकडे दुसऱ्या गटातला एक मुलगा स्टोअरकीपर म्हणून बसेल. त्याला तीनच प्रश्न विचारता येतात, “हाऊ मेनी?”, “व्हिच साइज?”, “हाऊ लाँग?”, आणि एक उत्तर देता येतं, “वी डोन्ट हॅव इट.” बोललं जाईल नेमकं तेवढंच तो देईल. बोट दाखवलेलं चालत नाही, यादीचा कागद पुढे करणं चालत नाही. त्यासाठी सामान टेबलाखाली झाकून ठेवा.

आता स्क्रूची गोष्ट. दोन लांबीचे असल्यामुळे “गिव्ह मी स्क्रू” म्हणून भागत नाही. “व्हिच साइज?” येतंच, आणि माप सांगावंच लागतं. शिवाय एका गटासाठी केबलचा तीन मीटरऐवजी दोन मीटरचाच तुकडा ठेवा. मग त्यांना विचारावं लागतं, पर्याय शोधावा लागतो, कदाचित दुसऱ्या गटाशी अदलाबदल करावी लागते. मात्र असा तुटवडा एकाच वस्तूचा ठेवा. तीन वस्तू गायब केल्या तर मुलं वैतागून मराठीवर, नाहीतर हिंदीवर येतात. हिंदीची पळवाट इथं जास्त दिसते, कारण चाकणच्या लाइनवर निम्मं काम हिंदीतच चालतं. रागावू नका. स्टोअरकीपरनं फक्त “सॉरी?” म्हणायचं आणि थांबायचं.

एका गटाला खिडकीवर सात-आठ मिनिटं लागतात. पाच गट म्हणजे चाळीस मिनिटं. बाकीच्यांनी तोवर रांगेत उभं राहायचं नाही, बोर्डावर खुणा करायला घ्यायच्या.

तिसरा आठवडा: मापाची हाक

इथं घाई करू नका. नोकरीत सर्वांत महागात पडतात त्या आकड्यांच्या चुका.

पहिली चूक मराठीतूनच येते. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी येतात, वीस मागून. ‘शेहेचाळीस’मध्ये सहा आधी. ‘ट्वेंटी-फाइव्ह’मध्ये क्रम उलटा. संथ बोलताना मुलं बरोबर सांगतात, पण कामाच्या घाईत २५ चे ५२ होतात. दुसरी चूक थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांची. थर्टीमध्ये जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि शेवट आखूड राहतो. थर्टीनमध्ये शेवट लांबतो आणि जोरही तिकडे जातो. शंका राहिली तर कारखान्यातली माणसं अंक सुटे म्हणतात, “वन फाइव्ह, फिफ्टीन.” हीच सवय लावा. तिसरी चूक दशांशाची. ‘बारा पॉइंट शेहेचाळीस’ हे आपल्या वर्कशॉपमध्ये चालतं, पण इंग्रजीत पॉइंटनंतरचे अंक एकेक म्हणतात: “ट्वेल्व्ह पॉइंट फोर सिक्स.” फिटरच्या मुलांना व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिमीपर्यंत वाचावं लागतं, त्यामुळे त्यांचं तर रोजच याच्याशी काम पडतं. त्यांच्या तोंडी ‘सूत’ही असतं. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा दोन सूत म्हणजे “क्वार्टर इंच”, हेही सांगून ठेवा.

सराव असा: दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात मोजपट्टी आणि केबलचे दहा तुकडे, दुसऱ्याच्या हातात कागद. पहिला माप सांगतो, दुसरा लिहितो आणि तेच माप परत म्हणून दाखवतो, आणि पहिला “करेक्ट” किंवा “नो” म्हणतो. दहा मापांना आठ मिनिटं. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत पुढच्या कामाला हात लावायचा नाही. मशीन सुरू असलेल्या वर्कशॉपमध्येच हे घ्या. शांत खोलीत सगळ्यांचं बरोबर येतं, आणि कारखाना शांत नसतो.

उच्चारांत सगळं सुधारायला जाऊ नका. दोन गोष्टी पाहा. एक, ऱ्हस्व-दीर्घ. ‘शीट मेटल’मधली ई आखूड केली तर इंग्रजीत तो असभ्य शब्द होतो. हे मुलांना सरळ सांगून टाका, ते लाजत नाहीत आणि विसरतही नाहीत. दुसरं, ‘वेल्ड’ आणि ‘व्होल्ट’ यांची सुरुवात. आपण दोन्हीकडे एकच ‘व’ लावतो. ‘वेल्ड’ला ओठांचा चंबू करायचा, ‘व्होल्ट’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. बाकी आपला मराठी हेल राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

चौथा आठवडा: जोडणी आणि बिघाडाचा निरोप

जोडणी शिल्प निदेशकांच्या देखरेखीखाली. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग, आणि स्विच फेजमध्येच. आधी सिरीज टेस्ट लॅम्पवर, म्हणजे बोर्डाशी सिरीजमध्ये जोडलेल्या दिव्यावर, तपासायचं. निदेशकांनी स्वतः पाहिल्याशिवाय एकही बोर्ड मेन्सला लावायचा नाही.

मग प्रत्येक बोर्डात निदेशकांकडून एक बिघाड घालून घ्या. बोर्ड पुरवठ्यापासून वेगळा असतानाच. तिसऱ्या सॉकेटचा स्क्रू सैल, फ्यूजची तार काढलेली, इंडिकेटरची वायर सुटलेली, असे बिनधोक बिघाड. अर्थिंग तोडू नका आणि फेज-न्यूट्रल उलटे करू नका. तो बोर्ड चुकून तसाच बाहेर गेला तर जिवाशी खेळ होईल. कोणत्या बोर्डात काय घातलं हे निदेशकांनी लिहून ठेवावं आणि शेवटी टिक करावं.

तपासणाऱ्यानं बिघाड शोधायचा आणि दुसऱ्या खोलीतल्या निदेशकांना फोनवर कळवायचा. फोनवर, कारण समोर असलं की मुलं हातवारे करतात. निरोप चार वाक्यांत: काय होत नाही, कुठे, काय तपासलं, काय हवं. “द थर्ड सॉकेट इज नॉट वर्किंग. द लॅम्प डझ नॉट ग्लो. आय चेक्ड द फ्यूज. आय नीड अ स्क्रूड्रायव्हर.” लांब वाक्यं शिकवू नका. सुपरवायझरला फोनवर हेच चार तुकडे हवे असतात, आणि ते याच क्रमानं आले की व्याकरणाची चूक असली तरी काम अडत नाही.

पाचवा आठवडा: रीवर्क (चुकलेलं पुन्हा करणं) आणि सराव

हा आठवडा कागदावर रिकामा दिसतो, पण मागं राहिलेले गट यात भरून निघतात. ज्यांचं झालं आहे त्यांनी बोर्डावर चिकटवायचं लेबल इंग्रजीत तयार करावं. त्यात एक आकडा हवाच: ६ अँपिअर आणि २३० व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. “थर्टीन हंड्रेड अँड एटी वॉट्स” हे प्रत्येकाला म्हणता आलं पाहिजे. थर्टीनचं थर्टी झालं तर बोर्ड तीन हजारांवर पोचला, हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

सहावा आठवडा: ताबा

बोर्ड घ्यायला येणाऱ्या माणसाला मराठी येता कामा नये. या लेखातली दुसरी कुठलीही अट मोडली तरी चालेल, ही मोडू नका. मराठी कळणाऱ्यापुढं इंग्रजी बोलताना दोघांनाही ते खोटं वाटतं. पुण्यात असं माणूस मिळणं अवघड नाही. केरळ, मणिपूर, बंगालहून शिकायला आलेली मुलं हॉस्टेलांत आहेत, परदेशी विद्यार्थीही आहेत. पाच जण बोलवा, प्रत्येक गटाला एक. त्यांना खरोखर बोर्ड घेऊन जाऊ द्या.

पाहुण्यांना आधी एवढंच सांगा: हळू बोला, पण सोपं करून देऊ नका. प्रत्येकानं तीन प्रश्न विचारायचे, ते गटाला आधी कळवायचे नाहीत. “कॅन आय युज अ हीटर ऑन धिस?” हा त्यातला एक असू द्या. उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते १३८० चा आकडा देऊन सांगता आलं पाहिजे. चौघांपैकी कोण उत्तर देणार हे पाहुण्यानं बोट करून ठरवायचं. गटाचा एकच प्रवक्ता चालणार नाही.

गुण वीसपैकी असे देतो: काम झालं का, म्हणजे पाहुण्याला बोर्ड नीट वापरता आला का, याला ८, आकडे बरोबर सांगितले याला ४, न कळलेलं परत विचारलं याला ४, जोर आणि ऱ्हस्व-दीर्घ याला ४. व्याकरणाला वेगळे गुण नाहीत. अर्थ बदलला तर काम होत नाही, आणि ते पहिल्या आठांत आपोआप कापलं जातं. परत विचारण्याला गुण आहेत हे कळल्यावर अनेक मुलं पहिल्यांदा तोंड उघडतात, म्हणून हा भाग काढू नका.

तिसरं रेकॉर्डिंग त्याच दिवशी घ्या आणि प्रत्येकाला त्याची तिन्ही रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ ऐकवा. शब्द किती वाढले हे मोजण्यापेक्षा तीन सेकंदांहून लांब किती वेळा थांबला, हे मोजा.

महिन्याभरानं एक फोन

पाहुण्यांना ताब्याच्या दिवशीच सांगून ठेवा, की साधारण महिन्यानं बोर्डाबद्दल गटातल्या कुणालाही एक फोन करायचा. संस्थेच्या फोनवर, शाळेच्या वेळेत, मुलांना आगाऊ न कळवता. तक्रार खरी असली तर उत्तमच, नसली तर “द इंडिकेटर इज ऑफ, बट द सॉकेट इज वर्किंग” एवढं पुरे. त्या वेळी जो मुलगा असेल त्यानं फोन घ्यायचा, इंग्रजीत तीन प्रश्न विचारायचे (काय होतंय, कधीपासून, बोर्डाला काय लावलं होतं) आणि सगळं वर्कशॉपच्या नोंदवहीत मराठीत लिहायचं. मग निदेशकांनी ती नोंद पाहुण्याशी ताडून पाहायची. नोंदीत आणि पाहुण्याच्या सांगण्यात फरक निघाला, तर त्या मुलाला पुढच्या जॉबमध्ये पहिल्या आठवड्यापासून खिडकीवर बसवा.